स्त्रीरुग्णाचे व्यसन : निदान, चिकित्सा आणि आपले उत्तरदायित्व

मदात्यय हा व्याधी आयुर्वेदाला नवीन नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय, सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील पानात्ययप्रतिषेध आणि अष्टांगहृदयातील मदात्ययचिकित्सित यांत या व्याधीचा सूक्ष्म विचार झाला आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने पदवी परीक्षेच्या निमित्ताने तो वाचलेला असतो. तथापि प्रत्यक्ष व्यवहारात 'व्यसनी रुग्ण' असे म्हटले की डोळ्यांपुढे पुरुषच उभा राहतो. त्याची आई किंवा पत्नी त्याला चिकित्सालयात घेऊन येते आणि कोपऱ्यातील बाकावर बसून राहते. ती स्वतःही रुग्ण असू शकेल, हा विचार सहसा कोणाच्या मनाला शिवत नाही.

परभणी-जिंतूर मार्गावरील झरी आणि आसपासच्या गावांतील स्त्रिया आमच्याकडे येतात त्या अम्लपित्त, कटिशूल, पांडू, अनिद्रा, श्वेतप्रदर अशा तक्रारी घेऊन. व्यसनाची तक्रार घेऊन स्त्री येत नाही. तिचे व्यसन अन्य व्याधींच्या आड लपलेले असते आणि विचारल्याशिवाय ते बाहेर येत नाही. म्हणूनच स्त्रियांच्या व्यसनमुक्तीचा विचार औषधापासून नव्हे, तर प्रश्नपरीक्षेपासून सुरू व्हावा, असे आमचे मत आहे. हे मत मांडताना आम्ही प्रथम एका दूरच्या रुग्णवर्गाचे उदाहरण घेणार आहोत. तो वर्ग म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेल्या स्त्रिया. स्त्रियांच्या व्यसनासाठी स्वतंत्र चिकित्सा का हवी, याचा कसोशीने विचार ज्या मोजक्या ठिकाणी झाला, त्यांपैकी हे एक क्षेत्र आहे आणि त्यातून निघालेले निष्कर्ष आपल्या शिवारातील स्त्रीलाही लागू पडतात.

गणवेशातील स्त्रीचा अनुभव

अमेरिकेत माजी सैनिक स्त्रियांची संख्या सुमारे वीस लाख आहे. तेथील माजी सैनिकांसाठीची आरोग्यव्यवस्था मात्र दीर्घकाळ पुरुषांना समोर ठेवूनच उभी होती. १९९२ मध्ये झालेल्या कायद्याने, सेवाकाळात लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना समुपदेशन देण्याची तरतूद प्रथमच केली. पुढे त्या व्यवस्थेत उपचारासाठी येणाऱ्या प्रत्येक माजी सैनिकाला, स्त्री असो वा पुरुष, या अत्याचाराविषयी विचारण्याचा नियम झाला. तेव्हा सुमारे तीन स्त्रियांमागे एकीने आणि पन्नास पुरुषांमागे एकाने होकारार्थी उत्तर दिले. वर्षानुवर्षे जे कोणी बोलले नव्हते, ते विचारताक्षणी बोलले गेले.

अशा स्त्रीचे मद्यपान हे मित्रमंडळीतील मौजेचे मद्यपान नसते. दचकून जाग येणे, दुःस्वप्ने, जुनी सांधेदुखी आणि पाठदुखी, सतत सावध राहण्याची सवय यांवरचा तो तिने स्वतःच शोधलेला उतारा असतो. काहींच्या बाबतीत मद्याची जागा वेदनाशामक किंवा झोपेच्या गोळ्या घेतात. पुरुषांनी भरलेल्या व्यसनमुक्ती गटात ती बसते, पण बोलत नाही, कारण ज्या गोष्टीमुळे ती पिऊ लागली ती पुरुषांसमोर सांगण्यासारखी नसते. शिवाय गणवेशाची प्रतिष्ठा आड येते. सामर्थ्याबद्दल जिचा गौरव झाला, तिने स्वतःला दुर्बल म्हणवून घ्यावे कसे?

या अनुभवातून मानसिक आघात आणि व्यसन यांची चिकित्सा एकत्र करण्याची पद्धत पुढे आली. लिसा नजाविट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषींनी १९९२ पासून 'सीकिंग सेफ्टी' नावाची पद्धत विकसित केली. तिचा पहिला अभ्यास स्त्रीरुग्णांवरच झाला आणि २००२ मध्ये तिची पुस्तिका प्रसिद्ध झाली. तीत पंचवीस विषय आहेत. आघाताचा तपशील उकरून काढण्याऐवजी आज, या क्षणी सुरक्षित कसे राहावे, हा तिचा पहिला पाठ आहे. येथे एक सावधगिरीही नोंदवली पाहिजे. केवळ स्त्रियांचा गट केला की व्यसन सुटते, असे नाही. या संदर्भातील अभ्यासांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. परंतु गर्भिणी, लहान मुलांच्या माता आणि अत्याचार सोसलेल्या स्त्रिया यांच्या गरजा वेगळ्या असतात, हे आता सर्वमान्य झाले आहे.

हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. परिचर्या आणि वैद्यकीय शाखा सोडून अन्य शाखांत स्त्री अधिकाऱ्यांना घेण्याचा निर्णय भारतीय सैन्याने १९९२ मध्ये केला. अल्प मुदतीची सेवा करून त्यांपैकी अनेकजणी ऐन उमेदीच्या वयात नागरी जीवनात परतल्या. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्त्री अधिकाऱ्यांच्या स्थायी सेवेचा मार्ग मोकळा केला. २०२१ मध्ये लष्करी पोलीस दलात स्त्री जवानांची पहिली तुकडी दाखल झाली. मार्च २०२३ मध्ये नौदलाच्या चिल्का येथील केंद्रातून स्त्री अग्निवीरांची पहिली तुकडी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली आणि मे २०२५ मध्ये पुण्याजवळील खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून पहिल्या १७ स्त्री छात्र उत्तीर्ण झाल्या. अग्निवीराची मुदत चार वर्षांची आहे. पंचविशीच्या आतबाहेरच्या माजी सैनिक तरुणी ग्रामीण महाराष्ट्रात परत येण्याचा काळ त्यामुळे जवळ आला आहे. नाशिकच्या ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी आपल्यातील अनेकांकडे आहे, त्याच्या कुलगुरुपदाची सूत्रे २०२१ मध्ये निवृत्त लेफ्टनंट जनरल डॉ. माधुरी कानिटकर यांनी स्वीकारली, हेही या बदलाचेच एक चिन्ह होय.

शास्त्राची दृष्टी

वातिक मदात्ययाची हेतुपरंपरा सांगताना चरकाचार्यांनी शोक, भय, भारवहन आणि अध्वगमन यांनी कृश झालेल्या, रूक्ष व अल्प आहार घेणाऱ्या व्यक्तीचा निर्देश केला आहे. अशा व्यक्तीने रात्री अतिप्रमाणात मद्य घेतल्यास निद्रानाश होऊन वातप्रधान मदात्यय उत्पन्न होतो. शोक, भय, भार आणि प्रवास हे चार हेतू एकत्र ठेवून पाहिले, तर सीमेवरून परतलेली स्त्री त्यात दिसते आणि डोक्यावर कापसाचे गाठोडे घेऊन घरी परतणारी स्त्रीही दिसते. संहितेतील हे वर्णन पुरुष रुग्णाला गृहीत धरून आले असले, तरी हेतू लिंगनिरपेक्ष आहेत.

ध्वंसक आणि विक्षय या अवस्थांचे वर्णनही तितकेच महत्त्वाचे आहे. मद्य सोडून दिलेली व्यक्ती एकाएकी पुन्हा अतिमद्यपान करू लागली, तर या अवस्था उद्भवतात. व्यसन पुन्हा जडणे ही व्याधीच्या वाटेवरील एक अवस्था असून तिची स्वतंत्र चिकित्सा आहे, असा याचा अर्थ. पुरुष पुन्हा प्याला तर त्याचे 'पाऊल घसरले' असे म्हणतात. स्त्री पुन्हा प्याली तर तिला घराबाहेर काढतात. या अवस्थांसाठी शास्त्राने बस्ती, घृत, क्षीर, अभ्यंग, स्नान आणि वातघ्न अन्नपान सांगितले आहे. तिरस्काराचा उल्लेख चिकित्सेत कोठेही नाही.

शारीरस्थानातील गर्भोपघातकर भावांच्या यादीत नित्य मद्यपान करणाऱ्या मातेचे अपत्य तृष्णालू, अल्पस्मृतीचे आणि अस्थिर चित्ताचे होते, असे सांगितले आहे. आधुनिक वैद्यकाने गर्भावरील मद्यदुष्परिणामांच्या लक्षणसमूहाला नाव दिले ते १९७३ मध्ये.

शरीरभेदाचाही विचार हवा. स्त्रीशरीरात जलांश तुलनेने कमी असतो आणि आमाशयात मद्याचे विघटन करणाऱ्या विकराचे कार्यही सामान्यतः कमी असते. त्यामुळे सारख्या मात्रेत घेतलेले मद्य तिच्या रक्तात अधिक तीव्रतेने उतरते. पहिल्या पेल्यापासून अवलंबित्वापर्यंतचा आणि यकृताच्या विकारापर्यंतचा काळ तिच्या बाबतीत आखूड असतो. म्हणूनच मद्यपानाच्या चाळणीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या तीन प्रश्नांच्या चाचणीत पुरुषांसाठी चार गुण धोक्याचे मानतात, तर स्त्रियांसाठी तीनच.

आपल्या शिवारातील व्यसन

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातील २७.३ टक्के पुरुष आणि १.६ टक्के स्त्रिया मद्य घेतात. मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींमागे केवळ एकीला काही उपचार मिळतो, असेही त्या पाहणीत दिसले. स्त्रियांचे प्रमाण अल्प आहे म्हणून त्यांची सोय नाही, आणि सोय नाही म्हणून त्या पुढे येत नाहीत, असे हे चक्र आहे.

तंबाखूची गोष्ट निराळी आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील ३५.५ टक्के पुरुष आणि १७ टक्के स्त्रिया तंबाखू सेवन करताना आढळल्या. म्हणजे सुमारे सहा स्त्रियांमागे एक. यात ग्रामीण स्त्रीचा वाटा मुख्यतः मिश्रीचा. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटून तिची पूड करायची आणि ती बोटाने दातांना, हिरड्यांना लावून तोंडात धरायची. पहाटे शौचापूर्वी एकदा, शेतात दुपारी एकदा, रात्री भांडी आवरल्यावर एकदा, अशा तिच्या वेळा ठरतात. आई लावते, सासू लावते, म्हणून सून लावते. हिला कोणी व्यसन म्हणत नाही. 'दात घासणे' म्हणतात.

गरोदर स्त्रियांच्या बाबतीत याचे परिणाम मोजले गेले आहेत. मुंबईतील १,२१७ गर्भिणींचा पाठपुरावा करून प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांनी २००४ मध्ये निष्कर्ष मांडला की, धूररहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या अपत्यांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरते आणि प्रसूती सरासरी सहा दिवस आधी होते. त्या स्त्रियांमध्ये प्रामुख्याने मिश्रीचाच वापर होता. पांडूवर लोहकल्प देत असताना मिश्री चालू राहिली, तर गर्भिणीपरिचर्या अपुरीच राहते.

प्रश्नपरीक्षा

'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला 'नाही' असेच उत्तर येते आणि ते तिच्या दृष्टीने खरेही असते. 'मावशी, दात कशानं घासता? दिवसातून किती खेपा?' असे विचारले की ती विनासंकोच सांगते. मद्याबाबत थेट विचारण्यापूर्वी झोपेविषयी विचारावे. 'झोप लागत नाही तेव्हा काय करता?' या प्रश्नात आरोप नसतो. झोपेच्या आणि अंगदुखीच्या गोळ्या कोणत्या, कोठून आणि किती दिवस घेतल्या, हेही येथेच कळते.

यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात. पती, सासू किंवा मुलगा यांना काही काळ बाहेर बसवावे. पुरुष वैद्याने परिचारिका किंवा अन्य स्त्री साहाय्यक जवळ ठेवावी. मात्र ती त्याच गल्लीतील, गावभर बोलणारी नसावी. घरात मारहाण होते का, रात्री भीती वाटते का, हे शांतपणे विचारावे. उत्तर न आल्यास आग्रह धरू नये. दार उघडे आहे एवढे तिला कळले तरी पुरे. सैनिकी सेवा केलेली स्त्री समोर असेल, तर तिच्या सेवेविषयी आदराने विचारावे. 'तुम्ही तर सैन्यातल्या, तुम्हाला कसली भीती' असे वाक्य चुकूनही उच्चारू नये. त्या एका वाक्याने पुढचा संवाद बंद होतो.

चिकित्साक्रम

मिश्रीसाठी चरकाचार्यांचा पादांशिक क्रम अत्यंत उपयुक्त आहे. अभ्यस्त अहितकर गोष्ट एकदम न सोडता चौथ्या हिश्शाने सोडावी आणि तेवढाच हिस्सा हितकर गोष्टीचा घ्यावा, हे त्याचे सूत्र. दिवसांच्या मोजणीविषयी टीकाकारांत मतभेद असले, तरी सोडलेल्या जागी हितकर काही भरणे हे मर्म निर्विवाद आहे. दिवसातून आठ वेळा मिश्री लावणाऱ्या स्त्रीने प्रथम दोन वेळा कमी कराव्यात आणि त्या वेळी खदिर, त्रिफळा, निंब, बाभूळसाल यांचे मंजन वापरावे. हिरड्या सुटलेल्या असल्यास इरिमेदादि तैलाचा कवल द्यावा. पहाटेची वेळ शेवटी सोडवावी, कारण मिश्रीवाचून शौचास होत नाही अशी तिची खात्री असते. तेथे गंधर्वहरीतकी किंवा त्रिफळा चूर्ण कोमट पाण्यासह रात्री दिल्यास तिचा तो आधार सुटतो. मिश्री भूक मारते. ती सुटली की भूक लागते, तेव्हा शेतात नेण्याच्या भाकरीबरोबर गूळ-शेंगदाणे बांधून घेण्यास सांगावे.

प्रत्येक रुग्णेचे तोंड उजेडात तपासावे. पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पुरेसे न उघडणे, तीन आठवड्यांत न भरणारा व्रण यांपैकी काहीही आढळल्यास मंजन देत न बसता तिला तत्काळ दंतवैद्यकाकडे किंवा कर्करोग तपासणीसाठी पाठवावे.

मद्याच्या बाबतीत पादांशिक क्रमाचा प्रयोग घरच्या घरी करू नये. दीर्घकाळ नित्य व अतिप्रमाणात पिणाऱ्या व्यक्तीने मद्य अचानक थांबवल्यास पहिल्या दोन दिवसांत आक्षेप आणि तिसऱ्या दिवसाच्या सुमारास उन्मादसदृश संभ्रमावस्था येऊ शकते. ती प्राणघातक ठरू शकते. झोपेच्या गोळ्या अचानक बंद करण्यातही असाच धोका आहे. हात थरथरणे, घाम, भ्रम, पूर्वीचे आक्षेप असा इतिहास असेल, तर पहिला आठवडा रुग्णालयातच जावा. आपले कार्य त्यानंतर सुरू होते आणि ते दीर्घ आहे. वातशामक अभ्यंग, शिरोधारा, क्षीर, घृत, नियमित आहार आणि निद्रा यांनी शरीर सावरते. सत्त्वावजय, म्हणजे अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह, हा त्यासोबत चालला पाहिजे. आठवड्याची ठरलेली भेट, तीच वेळ, तोच वैद्य आणि तेच न रागावणे, हे त्याचे ग्रामीण रूप होय.

औषधालयातील फडताळ

औषधविक्रेते बांधवांना येथे विशेष विनंती आहे. स्त्रीरुग्णाच्या चिठ्ठीवर अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट, सारस्वतारिष्ट, द्राक्षासव ही नावे सर्वाधिक आढळतात. आसव-अरिष्टांत संधानाने निर्माण झालेले मद्य सामान्यतः पाच ते दहा टक्के असते. निरोगी स्त्रीला योग्य मात्रेत ते बाधत नाही. मद्य सोडलेल्या स्त्रीला मात्र ते पुन्हा त्याच वाटेवर नेऊ शकते. तिला डायसल्फिरामच्या गोळ्या चालू असतील, तर चार चमचे अरिष्टानेही चेहरा लाल होणे, धडधड, वांती, रक्तदाब उतरणे अशी गंभीर प्रतिक्रिया संभवते. अशा रुग्णेसाठी अशोकसालीचा क्षीरपाक, दशमूलाचा काढा, सारस्वत चूर्ण, द्राक्षावलेह असे मद्यरहित पर्याय आपल्या शास्त्रात विपुल आहेत. 'मद्य पूर्वी घेत होता का?' हा प्रश्न अरिष्टाची बाटली देताना विचारला गेला, तर एक अनर्थ टळेल. अहिफेन किंवा भांग असलेले कल्प ई-१ परिशिष्टाच्या कक्षेत येतात. ते चिठ्ठीशिवाय आणि देखरेखीशिवाय देऊ नयेत.

'रुग्णाला न कळता' चहात किंवा भाजीत मिसळण्याची व्यसनमुक्ती चूर्णे विकणे हे तर वैद्यकनीतीच्या पूर्ण विरुद्ध आहे. त्या पुडीत काय आहे हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. घरातील माणसांवरचा विश्वास ज्या स्त्रीच्या मनातून आधीच उडाला आहे, तिची ही फसवणूक कळल्यावर ती वैद्याकडेही पुन्हा येत नाही.

दंतमंजनांची कथाही लक्षात ठेवण्याजोगी आहे. एके काळी तंबाखूयुक्त दंतमंजने आयुर्वेदीय औषध म्हणून परवान्यासह विकली जात. ३० एप्रिल १९९२ च्या अधिसूचनेने त्यांवर बंदी आली. तिला आव्हान दिले गेले, परंतु १९९७ मध्ये लक्ष्मीकांत विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आयुर्वेदाच्या नावाखाली तंबाखू विकता येणार नाही, हे तेव्हाच ठरले. बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक काळ्या मंजनाचे घटक वाचूनच ते आपल्या फडताळात ठेवावे.

पुढील उपचारांच्या वाटा

पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाले. डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी उभारलेल्या या केंद्राने पुढे स्त्रीरुग्णांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग काढला आणि रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा आधारगट चालवला. व्यसनी स्त्री आणि व्यसनी पुरुषाची पत्नी यांची दुःखे वेगळी आहेत, हे त्या दोन नावांतूनच कळते.

झरीहून पुणे दूर आहे. म्हणून शासनाच्या दूरध्वनी सेवांची माहिती भिंतीवर लावावी: व्यसनमुक्तीसाठी १४४४६, तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६, मानसिक आरोग्यासाठी १४४१६ आणि अत्याचारग्रस्त स्त्रीसाठी १८१. माजी सैनिक स्त्री किंवा वीरपत्नी असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी तिचा संपर्क करून द्यावा. मार्च २०१९ मध्ये माजी सैनिकांच्या अंशदायी आरोग्य योजनेची दारे अल्प मुदतीची सेवा केलेल्या अधिकाऱ्यांनाही उघडण्याचा निर्णय झाला. हे ठाऊक नसल्याने कोणी लाभावाचून राहू नये.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ नुसार मद्य आणि मादक द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत येतात. रुग्णाची माहिती गुप्त राखणे हा रुग्णाचा हक्क आहे. उपचारासाठी दाखल झालेल्या मातेपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सहसा विलग करू नये, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. 'लेकराला कुठे ठेवू' या एका प्रश्नापायी उपचार नाकारणाऱ्या मातेला ही तरतूद समजावून सांगता येते. मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर वैद्यांनाही या कायद्याने मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता दिली आहे. या शाखेकडे आपल्या तरुण वैद्यभगिनींनी वळावे, असे आम्ही आग्रहाने सुचवतो.

ग्रामीण स्त्री आजही मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी गावातील वैद्याकडे येते, कारण त्याच्या दारात गेल्याने नाव खराब होत नाही. हा विश्वास आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या सेवेतून मिळालेला आहे. संघटनेच्या प्रत्येक सभासदाने पुढील तीन महिने प्रत्येक प्रौढ स्त्रीरुग्णाच्या केसपेपरवर मिश्री, मद्य, झोपेच्या गोळ्या आणि झोप हे चार रकाने भरावेत, असा आमचा प्रस्ताव आहे. नाव-गाव वगळून त्या नोंदी जिल्हा शाखेकडे जमा झाल्या, तर आपल्या भागातील स्त्रियांच्या व्यसनाचे चित्र आपल्याच नोंदींतून उभे राहील आणि स्त्रीरुग्णांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण दिवस मागताना आपल्या हाती काही पुरावा असेल.